पाच रात्री अंदमान: भाऊबीजेनंतर की फेब्रुवारीत, आणि सासूबाईंचा गुडघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडचं चौघांचं कुटुंब: नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. भाऊबीज उरकली की दुसऱ्या दिवशी निघून पाच रात्री सहा दिवस अंदमान करायचं आहे. एजंटाने कोटेशन दिलंय, त्यात राजधानीचं शहर पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, बाराटांग, रॉस ही बेटं आणि नॉर्थ बेचा किनारा, सगळं बसवलंय. सासूबाईंना एकच गोष्ट हवी आहे, सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी बघायची. त्यांचा उजवा गुडघा दुखतो, जिना सावकाश चढतात. प्रश्न विचारणाऱ्या सूनबाईंना स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली डायव्हिंग, करायचंय. त्यांनी विचारलंय, हे कोटेशन घ्यावं का, आणि त्यापेक्षा लक्षद्वीप सोपं पडेल का?

मी गेली अठरा वर्षं पुण्यातून अंदमानला माणसं नेते आहे. त्यातल्या बऱ्याच सहलींत आई-वडील, सासू-सासरे होते, म्हणून सविस्तर लिहिते.

लक्षद्वीपचा विषय आधी संपवते. तिथला समुद्र अप्रतिम आहे, पण जायला परवाना लागतो, विमान बहुतेक कोचीहून अगत्ती बेटावर जातं, आणि राहायच्या खोल्या मोजक्याच आहेत. मुख्य म्हणजे सासूबाईंना जे बघायचंय ते तिथे नाही. त्यामुळे तुमच्यासाठी अंदमानच.

आता कोटेशन. त्यातली ठिकाणं सगळी चांगली आहेत, फक्त ती आखणी महाबळेश्वर-पाचगणीच्या हिशोबाने केली आहे. रस्त्यावर तास-दीड तास उशीर झाला तर वेण्णा लेकऐवजी थेट हॉटेलवर जाता येतं. बेटांवर तसं नसतं. बोट सुटली तर सुटली, रद्द झाली तर तुम्ही आहात त्याच बेटावर मुक्कामी. बेटांच्या सहलीत ठिकाणं मोजायची नाहीत, समुद्र किती वेळा ओलांडायचा ते मोजायचं. तुमच्या कोटेशनमध्ये सहा दिवसांत लहान-मोठे सात-आठ बोटप्रवास आहेत. प्रत्येक मोठ्या प्रवासामागे अर्धा दिवस जातो: बॅगा भरा, खोली सोडा, तासभर आधी जेट्टीवर या, रांग, तपासणी, उतरल्यावर गाडी शोधा, नवीन हॉटेलची खोली दुपारी मिळेपर्यंत बाहेर बसा. दुखरा गुडघा नेमका यातच दुखतो, फिरण्यात नाही.

दिवसांच्या आधी महिना बदला, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. अंदमान हे नाव आपल्याकडे घरोघरी कळतं ते दर मे महिन्यात पेपरात येणाऱ्या बातमीमुळे: मान्सून अंदमानात दाखल. म्हणजे केरळच्याही आधी, साधारण २० मेच्या आसपास, तिथे पाऊस सुरू होतो. पण आपल्याकडचा पाऊस परतला की तिथलाही संपला असं आपण धरून चालतो, आणि गडबड होते ती इथेच. नैऋत्य मान्सून गेल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येचे वारे सुरू होतात, आणि बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे, चक्रीवादळं बहुतेक याच काळात तयार होतात. पुण्यात आकाश निळंशार, सकाळी गारवा, फराळाचे डबे भरलेले, आणि तिकडे बंदरावर धोक्याचा बावटा. दिवाळीची सुट्टी दरवर्षी याच काळात येते. डिसेंबर २०१६ मध्ये अशाच वादळी हवेत हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते. नौदलाला जहाजं पाठवून त्यांना आणावं लागलं.

माझ्यावरही हा प्रसंग आला आहे. एका नोव्हेंबरात अकरा जणांचा गट होता. शेवटची रात्र हॅवलॉकवर, सकाळची पहिली बोट, आणि दुपारी पोर्ट ब्लेअरहून विमान, अशी आखणी होती. वेळापत्रकात दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर होतं, कागदावर अगदी आरामात. पहाटे पाचला हॉटेलच्या मुलाने दार वाजवून सांगितलं, आज बोट नाही. बाहेर पाऊसही नव्हता, नुसतं ढगाळ होतं. पण उघड्या समुद्रात लाटा वाढल्या होत्या आणि बंदराने परवानगी दिली नव्हती. आम्ही दोन रात्री जास्त राहिलो. विमानाची तिकिटं फुकट गेली, नवी तिप्पट भावात काढली. गटातल्या एका काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या आणि त्या बेटावर मिळेपर्यंत दुपार झाली. त्या दिवसापासून माझ्या कुठल्याही आखणीत विमानाच्या आधीची रात्र दुसऱ्या बेटावर नसते. तुमच्या कोटेशनमध्ये ती नीलवर आहे. बाकी काही बदललं नाही तरी हे बदलून घ्या.

समुद्र सगळ्यात शांत असतो तो फेब्रुवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत. जानेवारीही चांगला, पण तेव्हा वारा जरा जास्त असतो आणि २६ जानेवारीच्या आसपास विमानांचे भाव चढतात. मुलगी तिसरी-चौथीत असेल. चार दिवस शाळा बुडाल्याने तिचं नुकसान होणार नाही, वर्गशिक्षकांना आधी कळवलं की झालं. १९ फेब्रुवारीची शिवजयंतीची सुट्टी त्या आठवड्यात जोडून घेता आली तर रजा आणखी वाचते.

पुण्याहून थेट विमानाच्या मागे लागू नका. चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद किंवा कोलकाता, यातल्या एका ठिकाणी बहुतेक उतरून दुसरं विमान घ्यावं लागतं. लोहगावहून मध्यरात्रीनंतर निघून सकाळी पोर्ट ब्लेअरला पोचवणारा प्रवास स्वस्त दिसतो आणि सुट्टी वाचल्यासारखी वाटते. तिशीतल्या जोडप्याला मी तोच घ्यायला सांगते. सासूबाईंना मात्र पहाटे तीनला विमानतळावरच्या लोखंडी खुर्चीत बसवू नका. शुक्रवारी ऑफिस आटोपून संध्याकाळच्या विमानाने चेन्नई गाठा, विमानतळाजवळच्या साध्या हॉटेलात झोपा, आणि सकाळी पुढचं विमान घ्या. ते सव्वादोन तासांचं आहे. एका रात्रीचं भाडं जास्त जातं, पण पहिला पूर्ण दिवस हातात येतो. असं दोन तुकड्यांत जायचं नसेल, तर दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर, एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसतं. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. सासूबाई नको म्हणतील, तरीही मागा. आजकालच्या विमानतळांवर दारापासून गेटपर्यंतचं चालणंच पर्वती चढल्यासारखं होतं.

नावांचा घोळ होतो म्हणून सांगून ठेवते. २०१८च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. २०२४च्या सप्टेंबरात पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटावर एक नाव, व्हाउचरवर दुसरं, रिक्षावाल्याच्या तोंडी तिसरंच असतं. घाबरू नका, ठिकाण तेच आहे. मीही खाली जुनीच नावं वापरते, कारण तुमच्या कोटेशनमध्ये ती आहेत. भाषेचा प्रश्न येत नाही. बंगाली, तमिळ, तेलुगू, रांचीकडची अशी सगळीकडची माणसं तिथे वसलेली आहेत आणि आपसात हिंदीच बोलतात.

आता सासूबाईंचं जेल. बरेच एजंट ते शेवटच्या दिवशी ठेवतात. मी नेहमी पहिल्या दिवशी ठेवते. कारण साधं आहे: जी गोष्ट चुकली तर सहल फुकट गेली असं वाटेल, ती समुद्र ओलांडायच्या आधी करून घ्यायची. शनिवारी सकाळी उतरा, जेवा, त्यांना तासभर आडवं होऊ द्या, आणि तीनच्या सुमाराला आत जा. संध्याकाळच्या ध्वनी-प्रकाश कार्यक्रमाची हिंदी खेळाची तिकिटं आधीच काढून ठेवा, ती लवकर संपतात.

सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत बांधलं गेलं. मधे मनोरा आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात लांबलचक इमारती. त्यातल्या आता तीनच उभ्या आहेत. प्रत्येक इमारतीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे आहे, म्हणजे कुठल्याही कैद्याला समोर दुसऱ्या कैद्याचं तोंड दिसू नये. मुलीला हे तिथे उभं राहून दाखवा, तिला लगेच कळेल. कोठडी साडेचार मीटर लांब आणि पावणेतीन मीटरच्या आत रुंद. उजेडाला मागच्या भिंतीत उंचावर एक झरोका. अंगणात कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, ठेवलेला आहे. माणसाला बैलासारखं जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायची सक्ती असायची. सावरकरांना १९११ मध्ये इथे आणलं, ते १९२१ पर्यंत. त्यांचे थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात होते, पण एकाच भिंतींच्या आत असून दोघांची बराच काळ भेट झाली नव्हती.

ती कोठडी सगळ्यात वरच्या, म्हणजे तळमजला धरून तिसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला आहे. म्हणजे दोन जिने, आणि वर गेल्यावर लांब व्हरांडा. गुडघ्याच्या दृष्टीने सगळ्या सहलीतला हाच अवघड भाग. त्यामुळे आधी खाली फिरून त्यांना दमवू नका. संग्रहालय, अंगण, फाशीघर नंतर बघा. आत शिरलात की सरळ जिन्याकडे जा, एका मजल्यावर पाच मिनिटं टेका, मग वर. वर बसायला फारसं काही नसतं, म्हणून घडीचं हलकं स्टूल न्या. तुळशीबागेत मिळतं तसलं चालतं. मी कितीतरी आज्यांना त्या दाराशी नेलं आहे. बहुतेक जणी आत शिरण्याआधी चपला काढतात. कोणी सांगितलेलं नसतं. एक आजी आतल्या भिंतीला तळहात लावून किती तरी वेळ उभ्या होत्या, आणि खाली उतरल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "अगं, केवढीशी आहे." त्या वेळी मागून गट येतात, फोटोची घाई करतात. तुम्ही त्यांना तो वेळ मिळवून द्या, दाराशी उभ्या राहा. बंद व्हायची वेळ जवळ आली की गर्दी पांगते.

रविवारी सकाळची बोट. खासगी कॅटामरान (दोन सांगाड्यांची वेगवान बोट) दीड तासात हॅवलॉकला नेते, सरकारी बोटीला अडीच तास लागतात. सरकारी बोट खूप स्वस्त आहे, पण ती मुळात बेटांवर राहणाऱ्यांची वाहतूक आहे. तुमच्याबरोबर वयस्क माणूस असताना खासगीच घ्या. वर्गाप्रमाणे माणशी एका फेरीला दीड-दोन हजारांच्या आसपास धरा. वरच्या वर्गासाठी जास्त पैसे देऊ नका. वरच्या मजल्यावर बोट जास्त झुलते. खालच्या मजल्यावर, मधोमध, जरा मागच्या बाजूची जागा पोटाला सगळ्यात बरी. आत एसी असतो, खिडक्या बंद असतात, आणि ज्याला मळमळतं त्याला बाहेरची हवा लगेच मिळत नाही. उलटीची गोळी कोणती चालेल ते सासूबाईंच्या डॉक्टरांना पुण्यातच विचारून घ्या. ती बोट सुटायच्या निदान अर्धा तास आधी घ्यायची असते, मळमळायला लागल्यावर नाही. सकाळी उपाशी नेऊ नका, तसंच पुरी-भाजी खाऊनही नको. दोन इडल्या, किंवा पोळीचा लाडू.

जेट्टीवरचा एक क्षण नीट सांगते, कारण कोटेशनमध्ये तो कुठेच नसतो. भरती-ओहोटीप्रमाणे बोट धक्क्याच्या वर किंवा खाली असते. मधे फळी टाकतात. ओहोटीला ती तीव्र उताराची होते, आणि बोट हलत असल्याने फळीचं टोक वीतभर पुढे-मागे सरकत राहतं. दोन्ही बाजूंना खलाशी उभे असतात आणि कोपराला धरून माणसाला पलीकडे घेतात. सासूबाईंना सांगून ठेवा की तिथे काठी टेकायची नाही, काठी तुमच्या हातात द्यायची आणि त्यांचे दोन्ही हात मोकळे ठेवायचे. साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालतील तर फारच छान. रांगेत पुढे घुसू नका, शेवटी चढा. शेवटच्या माणसाला खलाशी वेळ देतात. फाटकापासून बोटीपर्यंत बरंच चालावं लागतं आणि सामान आपलं आपण ओढायचं असतं. म्हणून चौघांत दोन मध्यम बॅगा, चाकांच्या. मोठी ट्रंक नको.

हॅवलॉकवर मी तुम्हाला सलग तीन रात्री ठेवीन: रविवार, सोमवार, मंगळवार. एकच हॉटेल, एकदाच बॅगा उघडायच्या. तळमजल्याची खोली लेखी मागा. तिथे झाडांमधली खांबांवरची लाकडी कॉटेजेस फोटोत सुंदर दिसतात, पण त्यांना पाच-सहा पायऱ्या असतात आणि रात्री बाथरूमला उठणाऱ्या माणसाला त्या नकोत.

तिथल्या घड्याळाची सवय लागायला एक दिवस जातो. वेळ भारताचीच, पण पोर्ट ब्लेअर पुण्याच्या जवळजवळ एकोणीस रेखांश पूर्वेला आहे. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य तिथे सव्वा तास आधी. फेब्रुवारीत पुण्यात आपण साडेसहाला मावळतीचे फोटो काढतो. राधानगरच्या किनाऱ्यावर साडेपाचच्या आत सूर्य पाण्यात जातो, आणि सहाला मिट्ट काळोख. दुपारी झोप काढून पाचला निघू म्हणालात तर अंधारात पोचाल. उलट पहाटे पावणेसहाला लख्ख उजेड असतो. सकाळी सहा ते दहा हा तिथला सोन्यासारखा वेळ, आणि पुण्याहून आलेले बहुतेक लोक तो झोपण्यात घालवतात. जेवणं लवकर करा, नऊला झोपा.

राधानगर म्हणजे सात नंबरचा किनारा. टाइम मासिकाने २००४ मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं आणि तेव्हापासून गर्दी वाढली. तरी तो इतका लांब आणि रुंद आहे की दहा मिनिटं चाललात की निवांत जागा मिळते. तीन वाजता जा. काठाशी उंचच उंच झाडांची सावली आहे, सासूबाईंना तिथे बसवा. पायाखालची वाळू पिठासारखी बारीक आणि घट्ट आहे, कोकणातल्यासारखे पाय रुतत नाहीत, त्यामुळे त्यांना पाण्यापर्यंत चालता येईल. पोहायला फक्त जीवरक्षक आहेत तिथेच. दोन्ही टोकांना खाडीसारखं शांत पाणी दिसतं आणि मुलांना तिकडेच जावंसं वाटतं. तिकडे नको. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आणि २०१० मध्ये याच बेटावर एका पर्यटक बाईंचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. पाट्या लावलेल्या असतात, त्या शोभेच्या नाहीत. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात आणि खाज आठवडाभर राहते. पायांना खोबरेल तेल चोपडून जा, वाळूवर थेट बसू नका.

स्कूबा सोमवारी करा, सकाळच्या पहिल्या बॅचला. पोहता येत नसलं तरी प्रशिक्षकासोबतचं पहिलं डायव्हिंग करता येतं. पण आधी आजारांचा फॉर्म भरावा लागतो. दमा, हृदयाचा त्रास, फिट्स, कानाचं ऑपरेशन, यातलं काही असेल तर लपवू नका. सर्दी असली तर त्या दिवशी रद्द करा. खाली जाताना कानातला दाब सोडावा लागतो, आणि नाक चोंदलेलं असेल तर तो सुटत नाही, कानाचा पडदा दुखावतो. दुसरं, पाण्याखाली दाबामुळे रक्तात नायट्रोजन विरघळतो. तो पूर्ण निघायच्या आत विमानात बसलं की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून डायव्हिंग आणि विमान यांच्यात निदान अठरा तास ठेवायचे, मी पूर्ण दिवस ठेवते. तुमचं सोमवारी झालं आणि विमान गुरुवारी, म्हणजे काळजीच नाही. मुलीला मात्र नाही: दहा वर्षांखालच्या मुलांना चांगली संस्था घेत नाही. कोणी "चालतंय की मॅडम" म्हणालं, तर त्याच्याकडे तुम्ही स्वतःही करू नका.

मुलीसाठी मंगळवारी एलिफंट बीच. तिथे जेट्टीवरून लहान बोटीने जातात, आणि लाइफ जॅकेट घालून, रिंगला धरून स्नॉर्केलिंग करता येतं, म्हणजे मुखवटा आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघायचं. कमरेएवढ्या पाण्यातही रंगीत मासे दिसतात. मुखवट्यात केस अडकला की पाणी शिरतं, एवढ्या एका कारणाने मुलं घाबरतात, म्हणून तिचे केस घट्ट वेणीत बांधा. आणि तिला एक गोष्ट पुण्यातच शिकवून न्या: प्रवाळावर उभं राहायचं नाही. ते दगडासारखं दिसतं, पण जिवंत प्राण्यांची वसाहत असते, वर्षाला फार थोडी वाढते. पाणी तापल्यामुळे तिथले प्रवाळ २०१० मध्ये आणि नंतरही पांढरे पडलेले मी पाहिले आहेत. काही ठिकाणी पूर्वीचे रंग परत आलेले नाहीत. जे उरलंय त्यावर आपल्या पायाची भर नको. सासूबाईंनी त्या दिवशी हॉटेलच्या झाडाखाली बसावं आणि तुमच्या यजमानांनी त्यांच्या सोबतीला राहावं. चौघांनी सगळीकडे एकत्रच गेलं पाहिजे असं नाही.

आता मी कापलेली ठिकाणं. नील मला स्वतःला हॅवलॉकहून जास्त आवडतं. लहान, सपाट, भाजीचे मळे, आणि भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर अशी किनाऱ्यांची नावं. पण पाच रात्रींत ते घेतलं तर आणखी एक बोट, आणखी एक हॉटेल. तिथला प्रसिद्ध नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच नीट बघता येतो, आणि वाट मेलेल्या प्रवाळांच्या, शेवाळलेल्या, धारदार खडकांवरून आहे. तिथे मी चांगल्या धडधाकट माणसांना घसरताना पाहिलंय. सहावी रात्र मिळाली तर नील नक्की घ्या, पूल सोडून. कोकणात आपण तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो, तो हिशोब मुंबईच्या किनाऱ्याचा आहे, तिथे लावू नका. हॉटेलवाल्याला विचारा.

बाराटांग पूर्णपणे काढा. पहाटे तीन-साडेतीनला उठून जवळजवळ शंभर किलोमीटर जायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांचा ताफा सुटेपर्यंत थांबायचं, मग बोट, मग चुनखडीच्या गुहेपर्यंत दीडेक किलोमीटर चाल, आणि तसंच परत. गुडघ्याला हे झेपणार नाही. पण गुडघा ठणठणीत असता तरी मी तुम्हाला हेच सांगितलं असतं. तो रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. ते काही शे लोक आहेत. १९५६च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, गाडी थांबवायला, फोटो काढायला, काही द्यायला सक्त बंदी आहे. तरी गाड्यांमधले लोक काचेला नाक लावून "दिसले का, दिसले का" करत बसतात. गुहेचं निमित्त असतं. माणसं बघायला गाडीतून जाणं मला सहन होत नाही, आणि मी ती सहल बरीच वर्षं विकत नाही. मुलीला जारवांबद्दल सांगायचं असेल तर पोर्ट ब्लेअरचं मानववंशशास्त्राचं संग्रहालय आहे, तिथे न्या.

नॉर्थ बेसाठी वेगळं काही लिहीत नाही. हॅवलॉक झाल्यावर त्याची गरज राहत नाही.

बुधवारी सकाळच्या बोटीने पोर्ट ब्लेअरला परत. ही मोकळी रात्र आहे, आणि या सगळ्या आखणीचा आधार तीच आहे. रॉस बहुधा बुधवारी बंद असतं, म्हणून आधी विचारून घ्या; उघडं असेल आणि बोट वेळेवर आली तर दुपारी तिथे जा: बोटीने पंधरा मिनिटं, आत वयस्कांसाठी बॅटरीवरची गाडी असते. १८५८ नंतर ऐंशीहून जास्त वर्षं इंग्रजांचा कारभार या चिमुकल्या बेटावरून चालला. १९४१च्या भूकंपाने ते मोडलं, पुढच्या वर्षी जपानी आले. आता चर्चच्या आणि बंगल्यांच्या भिंती वडाच्या मुळांनी कवटाळल्या आहेत आणि हरणं मधून हिंडतात. सेल्युलर जेल आदल्या शनिवारी पाहिलेलं असल्याने, तिथल्या साहेबांच्या बेकरीचे आणि नाचघराचे अवशेष बघताना सासूबाईंना जे वाटेल ते त्यांना बोलू द्या. आणि हवा बिघडून बोट बुधवारी आलीच नाही, तर फक्त रॉस जाईल, गुरुवारचं विमान जाणार नाही.

एजंट बदलायची गरज नाही. त्यांना हा बदललेला क्रम द्या आणि चार गोष्टी लेखी घ्या: बोटीचं नाव आणि वर्ग, बोट रद्द झाली तर पैसे कोण आणि किती परत देणार, खोली तळमजल्याची, आणि गाडी दिवसभर तुमच्याकडे की फक्त नेऊन सोडणार. चौथ्यावरून तिथे सगळ्यात जास्त भांडणं होतात. पैसा सगळ्यात जास्त विमानात जातो, म्हणून तिकिटं तीन महिने आधी काढा, त्यानंतर बोट, हॉटेल शेवटी. लोक उलटं करतात, आणि मग हॉटेल आहे पण त्या दिवशीची बोट नाही असं होतं. रोख रक्कम पोर्ट ब्लेअरमध्येच काढून ठेवा. हॅवलॉकवर एटीएम मोजकी आहेत आणि नेटवर्क गेलं की फोनवरून पैसेही जात नाहीत. सासूबाईंची औषधं सहा दिवसांची नाही, दहा दिवसांची न्या, निम्मी पर्समध्ये आणि निम्मी बॅगेत.

परत येताना शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे काहीही आणू नका. प्रवाळ आणि बऱ्याच जातींचे शंख वन्यजीव कायद्याखाली येतात आणि विमानतळावर सामान तपासतात. एकदा माझ्या गटातल्या एका मुलाच्या कंपासपेटीतून पांढरा तुकडा निघाला. तो त्याने प्रेमाने उचललेला होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. ते लेकरू सगळ्यांसमोर रडलं. मुलीला आधी सांगून ठेवा.

आणि फेब्रुवारी अगदीच जमणार नसेल, भाऊबीजेनंतरच जायचं असेल, तर क्रम हाच ठेवा, फक्त पोर्ट ब्लेअरची शेवटची रात्र एकाऐवजी दोन करा आणि हॅवलॉकची एक कमी. परत येणारं तिकीट तारीख बदलता येईल असं घ्या, महाग पडलं तरी. निघायच्या आधी चार दिवस हवामान खात्याचं अंदमानचं पत्रक रोज बघा. त्यात मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका म्हटलेलं दिसलं, तर तुमची बोटही धोक्यात आहे असं समजा आणि मला फोन करा.

एक काम मात्र आजच करा. सासूबाईंचं आधार कार्ड काढा. त्या पिढीतल्या कितीतरी बायकांचं माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर, आणि मधलं नाव तिसऱ्यावर गाळलेलं असतं. घरात सगळे हाक मारतात ते नाव घाईघाईत तिकिटावर जातं आणि लोहगावच्या दारात अडतं. आधारवर आहे ते नाव अक्षर न् अक्षर एका कागदावर लिहून घ्या, आणि विमान, बोट, हॉटेल, तिन्ही ठिकाणी तेच द्या.